सही नातेवाईकाची, शरीर पेशंटचं

पेशंट शुद्धीत आहे, बोलतोय, चहा मागतोय. आणि कन्सेंट फॉर्म मात्र त्याच्या मुलापुढे सरकवला जातो. "इथे सही करा." हे इतकं रोजचं झालंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. पण पेशंट सज्ञान आहे, स्वतःचा निर्णय घेऊ शकतो, तर मुलाची, नवऱ्याची किंवा आईची सही ही संमती होत नाही. साक्षीदार म्हणून हवी तर घ्यावी.

सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा निकाल नेमका यावरच आहे. 44 वर्षांच्या अविवाहित बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. फॉर्मवर 'गरज पडल्यास पोट उघडण्याची' ओळही होती. त्या भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नव्हता, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली, वर 25,000 रुपये भरपाई. रक्कम किरकोळ वाटेल, पण 'भूल दिलीच आहे तर आत्ताच उरकून टाकू' हा युक्तिवाद त्या दिवसापासून कोर्टात टिकणं अवघड झालं. अपवाद फक्त एकच: जीव किंवा प्रकृती वाचवायला थांबणं शक्यच नसेल तर.

आता अवघड भाग. निर्णय घेण्याची क्षमता आहे की नाही, हे ठरवायचं कसं? केसपेपरवर 'पेशंट कन्फ्यूज्ड' एवढं लिहून भागत नाही. क्षमता ही त्या एका निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती पाहायची असते. जो माणूस आपल्या पैशांचा हिशेब ठेवू शकत नाही, तो ड्रेसिंगला हो किंवा नको नक्की म्हणू शकतो.

समजा, 78 वर्षांच्या आजी, मांडीचं हाड मोडलेलं. रात्री आठला त्या सलाइन उपटतात, मुलीला बहीण समजतात. त्या वेळी फॉर्म पुढे करण्यात काही अर्थ नाही. आधी या गोंधळाचं कारण शोधायला रक्तातलं सोडियम, साखर, लघवीतला जंतुसंसर्ग, वेदना आणि झोपेची औषधं पाहायची. कानातलं यंत्र आणि चष्मा घरीच राहिलाय का, तेही विचारायचं. क्षमता नाही म्हणून शिक्का बसलेले काही पेशंट नुसते बहिरे असतात. सकाळी दहाला, शांत खोलीत, त्यांच्या बोलीत सांगायचं: ऑपरेशन काय, न केल्यास काय, दुसरा पर्याय कोणता. मग म्हणायचं, "आजी, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." समजलं का, थोडा वेळ लक्षात राहिलं का, स्वतःच्या बाबतीत तोलून पाहता आलं का, आणि उत्तर कळवता आलं का, ते या एका प्रश्नातून बरंच दिसतं. आजींचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहावेत, वेळेसकट. स्मरणशक्तीच्या चाचणीचे तीसपैकी गुण म्हणजे क्षमतेचा निकाल नव्हे. आणि मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर घेतलेली सही जवळजवळ निरुपयोगी. त्या औषधाने पुढचं काही आठवतच नाही.

आजी 'नको' म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना चूक वाटलं तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 4, स्पष्ट सांगतं: निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही. हा कायदा मनोविकाराच्या उपचारांपुरता आहे. पण तत्त्व तेच. याच कलमात माहिती समजणं, परिणाम उमगणं, निर्णय कळवणं यांच्यामध्ये 'किंवा' आहे. वैद्यकीय शिस्तीत तिथे 'आणि' असतो. हा मसुद्यातला ढिलेपणा आहे, असं मला वाटतं.

निदान म्हणजे अक्षमता नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान मुलीची गर्भ ठेवण्याची इच्छा मान्य केली आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात होऊ दिला नाही.

मानसोपचाराच्या वॉर्डात नियम काटेकोर आहेत. पेशंट निर्णयक्षम नसेल आणि आधाराची फार गरज असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने उपचाराचे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 89 खाली जास्तीत जास्त 30 दिवस भरती करता येतं; दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करायची, आणि दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा पाहायची. ही सात दिवसांची नोंद बरेचदा राहून जाते. प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार करू शकतो, साधारण 72 तासांपर्यंत. पण त्यात विजेचे झटके देण्याच्या उपचाराला परवानगी नाही.

उरला तो कोमातला पेशंट. इथे आपल्याकडे मोठी पोकळी आहे. सज्ञान माणूस शारीरिक आजाराने बेशुद्ध असेल, तर कोणता नातेवाईक आधी, कोण नंतर, असा क्रम ठरवणारा कायदाच नाही. व्यवहारात जवळचा माणूस सही करतो, डॉक्टर हितबुद्धीने उपचार करतात. बँकेच्या खात्याला हात लावायचा म्हटलं की उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

म्हणूनच शुद्धीत असतानाच आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करावं, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी ठरवायचं, हे लिहून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने त्याला मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट इतकी जाचक होती की फारसं कुणी केलं नाही. 2023 मध्ये ती गेली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरे. आपल्या वतीने ठरवणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं लिहिता येतात, तेव्हा दोन लिहा. ज्यांची नावं घातली त्यांना, घरच्या डॉक्टरांना आणि महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला प्रत द्या. 'मला त्रास नको' असं लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, यांतलं काय नको आणि कोणत्या परिस्थितीत नको, ते नावानिशी लिहा.