लायडार, हिलशेड आणि कॅनॉक चेसवरचे खंदक : माझा अनुभव

बर्मिंगहॅमहून गाडीने तासाभरात कॅनॉक चेस येतं. असल्या जमिनीला इथे हीथ म्हणतात, आपल्या रत्नागिरीच्या सड्यासारखं मोकळं रान, फक्त कातळाऐवजी वाळू-गोटे आणि गुडघाभर हेदरची झुडपं. पहिल्या महायुद्धात इथे ब्रॉक्टन आणि रूजली असे दोन मोठे कॅम्प होते, फ्रान्सला पाठवायच्या आधी पोरांकडून इथेच सरावाचे खंदक खणून घ्यायचे. हे वाचून तीनदा जाऊन आलो, एकही खंदक दिसला नाही. हेदरमध्ये पाय जाऊन आपटलो तेवढं खरं, तो खंदक असेल तर माहीत नाही.

मग मित्र म्हणाला लायडार बघ. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजतात, एन्व्हायर्नमेंट एजन्सी ह्या इथल्या सरकारी संस्थेचा डेटा फुकट मिळतो. घेतला, क्यूजीआयएस ह्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, हिलशेड केलं म्हणजे चढउतारांना सावल्या दिल्या आणि स्क्रीनभर नुसता फ्लॉवरचा गड्डा! अर्धा रविवार गेल्यावर कळलं की मी डीएसएम उतरवलाय, म्हणजे झाडांसकट. पाहिजे डीटीएम, त्यात झाडंझुडपं वगळून उघडी जमीन असते.

तरी पायवाटा आणि खड्डेच दिसत होते. इथे खरी गंमत आहे, नीट सांगतो. हिलशेडमध्ये खोटा सूर्य लावतात, तो आपोआप ३१५ अंशावर म्हणजे वायव्येला असतो. जो चर त्याच दिशेत धावतो त्याची सावलीच पडत नाही, तो गायब. मी सूर्य ४५ वर नेला, जमिनीची उंची तिप्पट केली, आणि किल्ल्याच्या तटावर चर्या असतात ना, तश्शी दातेरी रेघ वर आली. असं मुद्दाम खणायचे, म्हणजे तोफगोळा एका खणात पडला तर शेजारच्या खणातले वाचतात आणि शत्रू आत घुसला तरी त्याला खंदकभर सरळ गोळ्या झाडता येत नाहीत.

(न्यूझीलंडच्या रायफल ब्रिगेडने तर १९१७ मध्ये जिंकलेल्या बेल्जियममधल्या मेसीन गावाचं मॉडेलच इथे जमिनीवर केलेलं, त्या कामात जर्मन कैदीपण होते. २०१३ मध्ये ते उकरलं, मोजलं आणि जपण्यासाठी परत पुरून टाकलं.)

चौथ्या खेपेला मोबाईलवर पॉइंट घेऊन गेलो. जेमतेम गुडघाभर खोल, तळाला ओलसर शेवाळ. ह्या रानात नांगर फिरला नाही म्हणून एवढं तरी उरलंय. स्क्रीनवर नऊ कोपरे मोजलेले, जाग्यावर चारच सापडले, बाकीचे नेच्याच्या जंगलात. जानेवारीत नेचे वाळून आडवे होतात, तेव्हा उरलेले पाच बघायला जाणार आहे, ह्यावेळी गमबूट घालून.