ग्रीनर मिळाली, पण हुक ठोकलेला

सौदा झाला, मंडळी. मागच्या वेळी जिच्याबद्दल लिहिलं होतं तीच बाराबोअर ग्रीनर, म्हणजे ग्रीनर या इंग्रज कारखान्याची जुनी डबल बॅरल बंदूक. दुकानदार ४५ हजारांवर अडून बसले होते, शेवटी ३० ला सोडली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हापासून जुन्या विलायती डबल बॅरल दुकानांच्या कपाटांत येऊन पडल्यात. ज्यांच्या लायसनवर एक जागा रिकामी आहे त्यांनी चक्कर मारत राहा. माझ्या लायसनवर तिची नोंद व्हायची आहे, म्हणून बंदूक अजून दुकानातच. काम चाललंय तेही तिथल्या मिस्त्रींच्या बाकावर.

आधी गोड बातमी. नळ्यांखालचे शिक्के स्वच्छ वाचता येतात. मुकुटाखाली एनपी, म्हणजे नायट्रो प्रूफ, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. गोलात डी, म्हणजे बर्मिंगहॅमला १९२४-२५ मध्ये तपासलेली. शंकरपाळ्यासारख्या चौकटीत १२ आणि खाली सी. हा सी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) तीन इंचांहून आखूड आहे एवढंच सांगतो. लांबीचा आकडा १९२५ पासून ठोकायला लागले. म्हणून गेज घातला: बरोब्बर अडीच इंच, कोणी रीमर फिरवून तो लांबवलेला नाही. म्हणजे फक्त ६५ मिमीची काडतुसं. ७० ची न उडालेली आरामात आत बसतात, त्याला भुलू नका. बार झाला की तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं घेतानाही खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. आणि काडतूस बाहेर फेकणारे इजेक्टर! दोन्ही बाजूंची डमी काडतुसं शेजारी शेजारी पडतात. एकदा बघून झालं होतं, तरी उगाच परत परत उडवली.

आता डोकेदुखी. बंदूक ऑफ फेस आहे, म्हणजे मिटल्यावर नळ्यांचं मागचं तोंड ॲक्शनला (मधल्या लोखंडी सांगाड्याला) घट्ट टेकत नाही. फोरएंड (नळ्यांखालची लाकडी पकड) लावून हलवलीत तर पत्ता लागणार नाही, कारण ग्रीनरचा आडवा बोल्ट वरून सगळं आवळून धरतो. बंदूक उघडायची टॉप लिव्हरसुद्धा शहाण्यासारखी मधोमध थांबते. फोरएंड काढून, दस्ता काखेत दाबून नळ्या हलवल्या की मात्र टक-टक. ब्रीचपाशी, म्हणजे त्या मागच्या तोंडाशी, सिगारेटचा कागद ठेवून बंद केली, तर कागद अख्खा ओढून निघतो. हे सगळं दुकानदारांना समोर करून दाखवलं, तेव्हा कुठे १५ हजार उतरले.

बेत साधा होता: झिजलेल्या हुकात (नळ्यांखालचा वक्र भाग, जो हिंज पिनवर म्हणजे बिजागरीच्या खिळीवर फिरतो) डव्हटेल, म्हणजे आत रुंद होणारी खाच, करून नवा तुकडा बसवायचा. मिस्त्रींनी हुकावर दिव्याची काजळी धरली, बंदूक मिटली, उघडली. काजळी पुसली गेली ती मधल्या सुतभर पट्टीत. दोन्ही कडा काळ्याकुट्ट. भिंग लावलं तर पंचचे ओळीने घाव. पूर्वी कोणीतरी ठोकून हुक फुगवलाय, आणि त्या फुगवट्याला केसासारखी चीर. "साहेब, झिजलेलं परवडतं, हे ठोकलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. आता तुकडा बसवायचा तर खाच खोल घ्यावी लागेल आणि तिथे तेवढं मांसच उरलेलं नाही.

टिग वेल्डिंगने भरायचा सल्ला मिळालाय. मला पटत नाही. रिब (दोन नळ्यांमधली पट्टी) कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली. उष्णता वर चढली की सुटणार, मग रिब बसवा, पुन्हा ब्लूइंग करा. फट भरायला घातलेली पितळी शिम (पातळ पट्टी) तर गिऱ्हाईक दाराबाहेर जाईपर्यंतच टिकते.

हे लिहिता लिहिता सुचतंय: हुकात तुकडा बसवण्यापेक्षा हिंज पिनच थोडी जाड केली तर? हुकाची गोलाई तेवढी मोठी घासताना ठोकलेलं कातडं आणि चीर, दोन्ही निघून जातील. चीर आतपर्यंत गेलेली नसली तर. डव्हटेलचं काम तूर्त थांबवायला सांगतो. फक्त या ॲक्शनमध्ये पिन वेगळी बसवलेली आहे की अखंड, ते आधी बघायला हवं. कोणी जुन्या ग्रीनरची पिन काढली असेल तर ती कुठल्या बाजूने निघते ते कळवा, मिस्त्रींनी हातोडी उचलायच्या आत.