सूप मांडीवर, दार उघडं

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरात शिरली तेव्हा नुकतं फटफटत होतं. मी परळच्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर दोन पद्मशाली कुटुंबं होती, घरात तेलुगू आणि गॅलरीत मराठी बोलणारी. त्यांच्या तोंडी सारखं सोलापूर असायचं. पुढे गिरण्या गेल्या, चाळ पडली, माणसं पांगली. त्यांचं सोलापूर बघायचं मात्र राहूनच गेलं होतं.

चार हुतात्मा चौकात थोडा वेळ थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांनाही फाशी झाली. या गावात कोण कोण नांदतं, हे त्या चार नावांत कळतं.

मग पूर्व भाग. दत्तनगरच्या गल्लीत माणूस दिसायच्या आधी आवाज आला, भिंतीआड चाललेल्या यंत्रमागाचा. मागाला लागूनच चूल. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं. किराणावाला समोरच्याचं तोंड बघून तेलुगू, कन्नड, मराठी नाहीतर दखनी बोलत होता, तेही हात न थांबवता.

“या की, बसा,” उंबऱ्यातल्या अक्का म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर सूप होतं आणि शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक नखानं दुमडायचं आणि सूत गुंडाळायचं. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. हजार विड्या झाल्या की कंपनीच्या ब्रँचला जमा करायच्या. दारामागं पिंपं ओळीनं भरून ठेवलेली. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरवरून येतं, तेही रोज नाही. “नळ आला की विडी बाजूला,” अक्का म्हणाल्या.

मुंबईत समुद्रात भराव घालून सात बेटं जोडली, तरी जागा पुरली नाही. कोळीवाड्यात मासळी वाळवायचं अंगण हाही घराचाच भाग असतो, पण नकाशा काढणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. पूर्व भागातला हा उंबरासुद्धा तसाच आहे. तो कारखाना आहे आणि चार भाषा एकमेकींना भेटतात ती जागाही. शहराचा आराखडा करणाऱ्यांनी आधी इथं तासभर बसावं, असं मला मनापासून वाटतं.

अक्कांची नणंद कुंभारीला राहते. दुपारी तिकडे गेलो. सोलापूरला समुद्र अडवत नाही, चारी बाजूंनी माळ आहे. त्या माळावर आधी विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं उठली. पुढे रे नगरची ३० हजार घरं ठरली आणि त्यांतल्या १५ हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ला मिळाल्या. बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली ही घरं आहेत. पक्की भिंत, स्वतःच्या नावावर. त्याचं मोल मी कमी करणार नाही.

“घर झकास आहे वो,” नणंद म्हणाली. “माग तेवढा तिकडंच राहिला.”

दाराच्या सावलीत तिचंही सूप मांडीवर होतं. शेजारीण कन्नडमधून काहीतरी विचारत होती, ही तेलुगूतून उत्तर देत होती. पोरं मराठीत भांडत होती. संध्याकाळच्या बसनं तिचा नवरा उतरला. त्याच्या केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले होते.