सर, तुमची झाली का?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कचे असतात. वर्गातल्या बाकीच्यांना अंगणवाडी, वृद्धाश्रम, नगरपालिकेची शाळा असं काहीबाही मिळालं. मला आणि एका मित्राला मिळालं जिल्हा कारागृह. एक संस्था आत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करायची, तिच्या हाताखाली. कॉलेजचं पत्र, संस्थेचं पत्र, ओळखपत्राच्या प्रती, मग तेच पत्र पुन्हा नव्या तारखेचं, यात महिना गेला. जानेवारीतल्या एका शुक्रवारी शेवटी आत गेलो. गेटवर मोबाइल, पाकीट, कमरेचा पट्टा जमा. तक्त्यांची गुंडाळी शिपायाने उलगडून पाहिली. कंडोमचं पाकीट आणि लाकडी मॉडेल मात्र बाजूला काढलं. "हे आत कशाला?" उत्तर मला येत होतं, पण गेटवर उभं राहून द्यायची हिंमत झाली नाही. दोन्ही वस्तू बाहेरच राहिल्या.

आत ओट्यावर चाळीसेक जण बसले होते. बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. मी पाठ केलेलं सुरू केलं. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया, बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने नाही, डासाने नाही, एकच संडास वापरल्याने नाही. हेच भाषण १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, कॉलेजात रेड रिबन क्लबच्या (एड्सबद्दल जागृती करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाच्या) कार्यक्रमात दिलं होतं, फक्त तिकडे माइक होता आणि शेवटी समोसा.

प्रश्न मात्र वेगळे आले. दाढीचं ब्लेड दोघांत एक असेल तर? सुईला दोरा गुंडाळून काजळीने हातावर नाव गोंदलं, तीच सुई पुढच्याने घेतली, तर? एकाने 'मित्राबद्दल' विचारलं आणि बाकीचे हसले. कॉलेजातल्या प्रश्नपेटीतही सगळ्या चिठ्ठ्या मित्राबद्दलच होत्या. हा मित्र कधी भेटला तर त्याला विचारायचंय, बाबा रे, सगळी लफडी तुझ्याच वाट्याला कशी?

शेवटच्या रांगेत पन्नाशीचे एक काका होते. सगळं होईपर्यंत गप्प. मी तक्ते गुंडाळायला लागलो तेव्हा म्हणाले, "सर, तुमची झाली का तपासणी?"

"हो, झाली ना," मी म्हणालो.

झाली नव्हती.

बसमध्ये बसलो आणि हिशेब मांडायला लागलो. डिसेंबरात चंपाषष्ठीच्या जत्रेत हॉस्टेलच्या आम्ही तिघांनी टॅटू काढून घेतला होता. एकच माणूस, एकच मशीन, आणि माझी खात्री आहे की सुई एकच. म्हणजे मी माइकवरून 'सुया वाटून वापरू नका' सांगितलं त्याला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. हे एक. दुसरं दिवाळीच्या सुट्टीतलं. ती आणि मी, एकदाच, कंडोमशिवाय. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलमधून गोळी आणली आणि विषय आमच्या लेखी संपला. ती गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची हे आमच्या हॉस्टेलमध्ये शेंबडं पोरगंही सांगेल. पण एचआयव्हीचा धोका झाला असं वाटलं तरी डॉक्टर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग ती २८ दिवस घ्यायची, हे एकालाही माहीत नव्हतं. मला पुस्तिकेत वाचून माहीत होतं; ते माझ्याबद्दल आहे हे डोक्यात आलं नव्हतं. आमच्या लेखी कंडोम म्हणजे पोर न होण्याचं साधन. गोळी घेतली की त्याचं काम संपलं.

पुढच्या सोमवारी मॅडमनी माझं फील्डवर्क रेकॉर्ड तपासलं. 'बंद्यांना तपासणीसाठी तयार केले' या वाक्यातल्या 'तयार केले'भोवती लाल गोल. म्हणाल्या, "तू कोण तयार करणारा?" मग त्यांनी मद्रासची गोष्ट सांगितली. १९८६ सालची. भारतात एचआयव्ही आहे हे तोवर कुणी मानत नव्हतं. डॉ. सुनिती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये वाढलेल्या मराठी घरातल्या, यांनी निर्मला नावाच्या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय दिला. निर्मलाने वेश्याव्यवसायातल्या ज्या बायकांना पकडून सरकारी गृहात ठेवलं होतं त्यांचं रक्त गोळा केलं. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले, आणि चाचणीत त्यातले सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे पॉझिटिव्ह निघाले. देशातली पहिली नोंद ती. "म्हणजे आपल्याकडे सुरुवातच एका विद्यार्थिनीपासून आणि डांबून ठेवलेल्या बायकांपासून झाली," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या बायकांना रक्त नेमकं कशासाठी घेतलंय हे सांगितलेलं नव्हतं."

एचआयव्ही-एड्सबद्दलच्या २०१७च्या कायद्याने आता तसं करता येत नाही. माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय चाचणी नाही, निकाल गुप्त, आणि जो माणूस सरकारच्या ताब्यात आहे त्यालाही समुपदेशन, चाचणी, उपचार यांचा हक्क. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मॅडमना माझं खोटं मात्र सांगितलं नाही.

बुधवारी तास बुडवून सरकारी रुग्णालयात गेलो. केस पेपरच्या खिडकीवर विचारलं, "काय होतंय?" मागे पंधरा माणसं. "ताप," मी म्हणालो. त्यावर मेडिसिनच्या ओपीडीचा शिक्का पडला आणि मी ताप नसताना अर्धा तास तापाच्या रांगेत उभा राहिलो. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींना हळू आवाजात विचारलं, "आयसीटीसी कुठंय?" त्या मुळीच हळू बोलल्या नाहीत. "एड्सचं ना? जिन्याखालून डावीकडे." नंतर कळलं, तिथे थेट जाता येतं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, हे लांबलचक नाव मी शंभरदा लिहिलंय. दार पहिल्यांदा पाहिलं.

बाकावर माझ्याशिवाय सगळ्या गरोदर बायका. बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदरपणात ही तपासणी सुचवतातच. एकीच्या सासूबाई मला म्हणाल्या, "बायको आत आहे का?" मी मान हलवली. त्या आठवड्यातलं तिसरं खोटं.

समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं. "आज का यावंसं वाटलं?" मी टॅटूचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि गप्प बसल्या. वर्गात आम्हाला शिकवलंय की समोरच्याला बोलतं करायचं तर शांतता सहन करता आली पाहिजे. ती सहन करणाऱ्या बाजूला बसणं काय असतं ते त्या खुर्चीत कळलं. मी दिवाळीचं सांगून टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कधी, किती वेळा, नंतर काही त्रास, जोडीदाराशी बोलणं झालंय का. टॅटूबद्दल म्हणाल्या, त्या सुईतून एचआयव्हीपेक्षा काविळीची, हिपॅटायटिस बी आणि सीची भीती जास्त, तीही तपासणी करून घे.

मग कंडोम हातात दिला. "मॉडेलवर लावून दाखव." मी आपला शिकवणारा माणूस! पाकीट दाताने फाडायला गेलो. ताईंनी हात धरला. तारीख बघितली का? नाही. टोकातली हवा काढली का? तीही नाही. तीन वेळा करायला लावलं. हीच वस्तू कारागृहाच्या गेटवरून परत आली म्हणून मी मित्राजवळ तासभर चडफडलो होतो.

संमतीपत्रावर सही केली. निकाल पॉझिटिव्ह आला तर पहिल्यांदा कुणाला सांगशील, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी स्वतः लोकांना विचारायला शिकलो होतो आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आईला नाही एवढंच सुचलं. ताई म्हणाल्या, पहिल्या चाचणीवरच कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या किटवर तीनदा तपासतात. औषधं २००४ पासून मोफत आहेत, रोज घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर संबंधातून पुढे जात नाही. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या वेळी नव्यानेच ऐकल्यासारखं वाटत होतं.

रक्त द्यायला दोन मिनिटं लागली. मग दोन तास. कँटीनमध्ये चहा घेतला आणि तो तसाच गार झाला.

रिपोर्ट हातात देताना ताईंनी आधी नाव विचारून खात्री केली. निगेटिव्ह. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस. जत्रा डिसेंबरातली ना? तीन महिने व्हायचेत." विंडो पिरियड. लागण झाली असेल तरी सुरुवातीच्या काळात चाचणीत दिसत नाही. कॉलेजातल्या सत्रात हा तक्ता मी वेळ नाही म्हणून गाळला होता. "मार्चच्या मध्यात परत ये. तोवर सगळं कंडोमसकट. आणि त्या दोघा मित्रांना सांग." शिवाय रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ हा मोफत नंबर. तोही मी पन्नास जणांना वाटला होता.

मित्रांना त्याच रात्री सांगितलं. एकजण चिडला, "तू उगाच घाबरवतोस." दुसरा काही बोलला नाही, पण सकाळी दात घासताना म्हणाला, "केस पेपरला काय सांगायचं असतं?" तिला फोन करायला मला अजून चार दिवस लागले. त्या फोनबद्दल लिहिणार नाही.

शुक्रवारी पुन्हा कारागृह. सत्र संपल्यावर काकांपाशी गेलो. "त्या दिवशी मी खोटं बोललो. तपासणी परवा केली."

"ते कळलंच होतं," काका म्हणाले. "तुम्ही फार पटकन हो म्हणालात."

"तुमची?"

"आत आलो तेव्हाच केली. त्या बाईंनी नीट समजावलं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "पुन्हा कधी बोलावलंय?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये माझी तारीख आहे," ते म्हणाले. तेवढ्यात गिनतीची घंटा झाली आणि ते उठून रांगेत गेले.