फुप्फुसांची एफव्हीसी जागेवर राहिली, त्याचा आनंद

माझं निदान झालं ‘फायब्रोटिक हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’. कबुतरांच्या विष्ठेतली, पिसांतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिली आणि त्यांच्याशी झगडता झगडता फुप्फुसांवर कायमचे वण उठले. आमच्या बाथरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते आणि तिथे कबुतरांची वस्ती. भारतातल्या आयएलडी (फुप्फुसांच्या ऊतींना सूज येणं, वण पडणं अशा आजारांचा गट) रुग्णांच्या २०१७ च्या नोंदणी अभ्यासात १,०८४ जणांपैकी जवळपास निम्म्यांना हाच आजार निघाला होता. तरीही आपल्याकडे कोरड्या खोकल्याला आधी ॲलर्जी, ॲसिडिटी अशीच नावं मिळतात. जिना चढताना धाप लागत असेल तर एचआरसीटीसाठी, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनसाठी, आग्रह धरा, असं मी भेटेल त्याला सांगते.

एचआरसीटी, डीएलसीओसकट (फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) पीएफटी म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, रक्तातल्या अँटिबॉडीज. मग छातीचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकत्र बसून रिपोर्ट पाहिले. त्यामुळे माझी बायोप्सी टळली. डक्टला जाळी लागली, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट सुरू झालं. खोकला कमी झाला, पण एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडता येणारी हवा, घसरतच राहिली. तेव्हा निन्टेडॅनिब हे वणांवरचं औषध आलं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “ताई, झालेले वण यानं जाणार नाहीत. नवे वण पडायचा वेग कमी होईल.” वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसवरच्या (फुप्फुसांवर वण पडण्यावरच्या) या औषधाच्या मोठ्या चाचणीत औषध न घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सरासरी १८८ मिलिलिटरनं घटली, घेणाऱ्यांची ८१ नं. हा फरक समजून घेतला म्हणूनच पुढचे जुलाब सोसता आले. जुलाब भयंकर होते. गोळी भरल्या पोटी, मऊ भात-ताकासोबत घेऊनही थांबेनात. शेवटी १५० चा डोस १०० वर आणला, सोबत जुलाब थांबवणारं लोपेरामाइड दिलं. यकृताची तपासणी सुरुवातीला दर महिन्याला. ती चुकवू नका.

मध्यंतरी नेरँडोमिलास्ट या नव्या औषधाची बातमी आली. आयपीएफसाठी (कारण न सापडणाऱ्या फुप्फुसांच्या फायब्रोसिससाठी) अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेलं हे औषध, दहा वर्षांहून अधिक काळानंतरचं पहिलं. माझ्यासारख्या वाढत्या फायब्रोसिसच्या चाचणीतही त्यानं घसरण कमी केली, आणि त्यातले बरेच जण आधीपासून निन्टेडॅनिबवर होते. श्वासातून घ्यायच्या ट्रेप्रोस्टिनिल या औषधाचेही आयपीएफमध्ये चांगले निकाल आले आहेत. लेक म्हणाली, “आई, मग हे जुलाब कशाला सोसतेस? नवीन येईपर्यंत थांबूया.” मला ते पटलं नाही. वाट पाहताना गमावलेलं फुप्फुस कुठलंच नवं औषध परत देणार नाही.

मागच्या पीएफटीत एफव्हीसी आधीच्याच आकड्यावर होती. सुधारणा शून्य, आणि मी घरी येऊन शिरा केला. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली आहे, फिजिओथेरपिस्टकडचे श्वासाचे व्यायाम रोज चालू आहेत. दिवाळीनंतरच्या भेटीत नव्या औषधाविषयी विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत: माझ्या प्रकाराला ते मिळेल का, निन्टेडॅनिबसोबत घेता येईल का, आणि महिन्याचा खर्च किती.