भोंग्याच्या शहरात पाच रात्री

सोमवारी सकाळी सहाच्या आत फाटकावर हजर राहा, असा कारखान्याचा निरोप आला आणि मी राहायची सोय बघायला बसले. आमचं वर्कशॉप लहान आहे. यंत्रावर काम पक्कं धरून ठेवणारी जिग आणि फिक्स्चर आम्ही बनवतो आणि ती गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन, बसवून, चालवून दाखवावी लागतात. चाचणी पाच दिवसांची होती. राहण्याचा खर्च आमचा आम्हीच करणार होतो, त्यामुळे हॉटेल स्वस्तातलंच हवं होतं. बरोबर आमचे फिटर काका येणार होते. वय साठीच्या घरात, हात अत्यंत कसबी, आणि छातीत जुना दमा.

दम्याचं आधीच सांगते, कारण पुढची सगळी खटपट त्यापायी आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यांच्या शहरात गेलो होतो. तेव्हा मी फाटकाला सगळ्यात जवळचं आणि यादीत सगळ्यात स्वस्त असं हॉटेल पाहून पैसे भरून टाकले होते. खोली रस्त्याच्या अंगाला निघाली. समोर ट्रकचा तळ. माल भरायला नंबर लावून उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिनं रात्रभर चालू होती. पहाटे तीनच्या सुमाराला काका पलंगावर उठून बसले ते उजाडेपर्यंत तसेच बसून. पंप दोनदा ओढला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला, पण त्या औषधानं हात थरथरायला लागतात. शतांश मिलिमीटरचं माप हातानं जाणणारा माणूस सकाळी स्क्रू धरताना कापत होता. मला ते बघवलं नाही.

म्हणून या वेळी यादी उघडल्यावर भाडं बघायच्या आधी मी एकच प्रश्न धरून बसले. ही खोली स्वस्त आहे, ती कशामुळे? काहीतरी कमी असल्याशिवाय कोणी भाडं उतरवत नाही. तळमजल्यावर सोफे नाहीत, स्वतःचं उपाहारगृह नाही, टीव्ही जुना आहे, इमारत बाजारापासून लांब आहे, या कारणांनी स्वस्त असेल तर ते आमच्या पथ्यावरच पडणार होतं. आम्हाला त्यातलं काहीच लागत नव्हतं. आवाजानं किंवा धुरानं स्वस्त झालेली खोली मात्र आम्हाला महागात गेली असती.

यादीतली सात-आठ हॉटेलं नकाशावर एकेक करून बघितली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. सगळ्यात कमी भाड्याची हॉटेलं कारखान्यांच्या पूर्वेला एका पट्ट्यात गोळा झाली होती. हा योगायोग नसावा असं वाटलं. इंग्लंडमधल्या जुन्या औद्योगिक शहरांची हकिकत मी वाचली होती. तिथे वारा बहुतेक करून पश्चिमेकडून येतो, धुराड्यांचा धूर पूर्वेकडे जायचा, आणि त्यामुळे एकोणिसाव्या शतकात कितीतरी शहरांच्या पूर्व भागात गरीब वस्त्या आणि पश्चिम भागात श्रीमंतांची घरं अशी वाटणी झाली. जागेचं भाडं वाऱ्यानं ठरवलं होतं.

आता आम्ही जाणार त्या शहरात वारा कुठून येतो? त्याची एक सोपी खूण आहे, ती सांगते. जवळच्या विमानतळाची धावपट्टी बघायची. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात आणि उडतात, म्हणून धावपट्टी शक्यतो तिथल्या नेहमीच्या वाऱ्याच्या रेषेत बांधतात. तिच्या टोकावर मोठा आकडा रंगवलेला असतो. त्याला दहानं गुणलं की होकायंत्रावरचे अंश मिळतात. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिम. त्या शहराची पट्टी ०९ आणि २७ होती, सरळ पूर्व-पश्चिम. यातून रेषा कळते, बाजू कळत नाही. बाजूसाठी हवामानाच्या नोंदीत आम्ही जाणार त्या महिन्याचा वारा पाहिला. पश्चिमेचाच होता. पूर्वेकडचा सगळा पट्टा मी यादीतून काढून टाकला आणि यादी निम्म्यावर आली.

पुढची फसगत अंतराची. एक हॉटेल कारखान्यापासून दीड किलोमीटरवर दिसत होतं. पण ते अंतर सरळ रेषेत मोजलेलं. मध्ये कारखान्याची लांबच लांब भिंत आणि मालगाड्यांचे रूळ. शिवाय मोठ्या कारखान्याला फाटकं चार-पाच असतात, आणि नकाशावरची खूण बहुतेक वेळा भलत्याच फाटकावर असते. कारखान्यातल्या आमच्या माणसाला फोन करून विचारलं, बाहेरच्यांनी कुठल्या फाटकानं यायचं? तो म्हणाला तीन नंबर. तिथपर्यंतचा रस्ता मोजला तर सहा किलोमीटर भरला, आणि वाटेत रेल्वेचं एक फाटक. मालगाडी आडवी आली की पंधरा मिनिटं गेलीच. तेही हॉटेल गळालं.

त्याच फोनवर एक फार मोलाची गोष्ट कळली. आमच्या आठवड्यातच शेजारच्या मोठ्या प्रकल्पाचा वार्षिक देखभालीचा बंद होता. असा बंद लागला की बाहेरगावचे वेल्डर, रिगर, कंत्राटदार यांची पथकंच्या पथकं येतात आणि स्वस्तातल्या खोल्या आठवडेच्या आठवडे भरून जातात. एरवीही या शहरांचं गणित पर्यटनाच्या गावाच्या उलटं चालतं. तिथे शनिवार-रविवारी खोली मिळत नाही, इथे त्या दोन रात्री रिकाम्या आणि मंगळवार-बुधवार गच्च. रविवारची रात्र स्वस्त मिळाली म्हणून खूश होऊन पुढचे दिवस नंतर बघू म्हणणारा माणूस मंगळवारी बॅगा घेऊन रस्त्यावर येऊ शकतो. म्हणून त्याच संध्याकाळी, पैसे परत मिळण्याच्या बोलीवर, पाचही रात्रींचं एक बरं दिसणारं बुकिंग धरून ठेवलं आणि मग निवांतपणे आणखी चांगलं शोधत बसले.

उरलेल्या तीन हॉटेलांचे अभिप्राय वाचले. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून दिले आणि तीन तारे देणाऱ्यांचंच वाचलं, तेही गेल्या तीन-चार महिन्यांतलं. मधल्या माणसाला राग नसतो आणि कौतुकही नसतं, तो बारकावे सांगतो. एकानं लिहिलं होतं, मागच्या खोलीत भिंतीला ओल आहे पण झोप छान लागली. मला हवं ते त्या एका ओळीत मिळालं. फोटोही हॉटेलनं टाकलेले न बघता राहून गेलेल्यांनी काढलेले बघितले.

मग फोन. हे तिन्ही फोन मी मुद्दाम रात्री दहानंतर केले. दुसरी पाळी दहाला सुटते आणि तिसरी भरते, रस्त्यावर सगळ्यात जास्त गजबज तेव्हा. पलीकडून कितपत गलका ऐकू येतो, तेवढ्यावरूनही बरंच कळतं. पहिल्या ठिकाणी बोलणाऱ्याला हॉर्नमुळे माझंच बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या ठिकाणी शांत होतं, पण खोल्यांना खिडक्याच नव्हत्या. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगा बोलला, आवाज नम्र.

"शांत खोली मिळेल का?" मी विचारलं.

"ताई, आपल्या सगळ्या खोल्या शांत आहेत."

असं उत्तर सगळेच देतात, त्यात त्यांचा दोष नाही. मी प्रश्न बदलला. "तुमच्याकडे रात्रपाळी करून येणारी माणसं राहतात ना? सकाळी सातला येऊन दिवसभर झोपणारी? त्यांना तुम्ही कुठली खोली देता?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "त्यांना मागची देतो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून लांबची. तिथं दिवसापण त्रास होत नाही. पण ताई, लिफ्ट नाहीये, आणि खिडकीतून नुसती भिंत दिसते."

"तीच द्या. शेजारशेजारच्या दोन."

लिफ्ट नाही म्हटल्यावर काकांच्या छातीचा विचार मनात आलाच. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, जिना मी दमादमानं चढीन. रात्रीचा श्वास तेवढा सांभाळा." मग बाकीचं विचारून घेतलं. खोली दुपारी दोनला मिळते, सोडायची सकाळी अकराला. बिल वर्कशॉपच्या नावानं आणि करासहित हवं. पहाटे साडेचारला गरम पाणी? "येईल." नाश्ता साडेसातला, म्हणजे आमच्या उपयोगाचा नाही. तो वगळून भाडं सांगा म्हटल्यावर त्यानं ते थोडं उतरवलं. बोललेलं सगळं मजकूर करून त्याला पाठवलं, खोलीची बाजू आणि मजला यांच्यासकट, आणि त्याचं "हो" आल्यावरच आधीचं बुकिंग रद्द केलं.

रविवारी दुपारी पोचलो. मुलगा खरोखर तसाच नम्र होता. बॅगा खोलीत न नेता न्हाणीघरात ठेवल्या आणि आधी गादी पाहिली. चादर कोपऱ्यातून उचलायची, मोबाईलच्या उजेडात गादीची शिवण दोन बोटांनी उलगडायची. ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटरचा, दिवसा दिसायचा नाही, पण शिवणीत शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग सोडतो. पलंगाचं डोकं भिंतीला लागतं ती फटही पाहिली. स्वच्छ होती.

मग खिशातून चुंबक काढला. फिक्स्चरच्या पिना उचलायला तो कायम जवळ असतो. कागदात गुंडाळून खिडकीच्या चौकटीवरून फिरवला. कागदाला थोडी करडी पूड चिकटली, एवढंच. उत्सुकता होती म्हणून त्या मुलाला विनंती करून रस्त्याकडची एक रिकामी खोलीही उघडायला लावली. तिथे चौकटीवर बोट फिरवलं तर बोट काळं झालं, आणि चुंबकाभोवती ती धूळ केसांसारखी ताठ उभी राहिली, दाट, काळी, मांजराच्या मिशांसारखी. भट्ट्यांतून उडणारी लोखंडाची धूळ. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हेच मागच्या वेळी छातीत गेलं असणार." अर्थात चुंबकाला चिकटते ती जाडी धूळ. फुप्फुसात खोलवर जाते ती अडीच मायक्रॉनच्या आतली, केसाच्या जाडीच्याही तिसाव्या हिश्श्याएवढी, आणि ती कोणाच्या चुंबकाला सापडत नाही. पण दोन खोल्यांतला फरक समोर उभा होता.

आवाजही मोजला. मोबाईलवरचं मोजमाप अचूक नसतं, पण तुलनेला पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी सुचवलेली मर्यादा ३० डेसिबलची आहे. पुढच्या खोलीत आकडा पन्नाशीच्या वर होता, मागे खिडकी लावल्यावर पस्तिशीत आला.

खिडकीचं एक पथ्य मात्र पाच दिवस कटाक्षानं पाळलं. पहाटे आणि सकाळी ती बंद, उघडायची ती दुपारी. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते, आणि वर उबदार थर राहिला की खालचा धूर झाकण ठेवल्यासारखा कोंडून राहतो. ऊन चढून जमीन तापली की तो सुटतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डोनोरा नावाचं नदीच्या खोऱ्यातलं गाव आहे, तेव्हा ते पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांचं होतं. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये हे झाकण काही दिवस हललंच नाही आणि २० माणसं दगावली. त्यात दम्याचे आणि हृदयाचे रोगी होते. हे वाचल्यापासून "पहाटेची ताजी हवा" हे शब्द कारखान्यांच्या गावात मी जपूनच वापरते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सोमवारी साडेचारला नळ उघडला तर पाणी थंडगार. बॉयलर पाचला लावतात, हे फोनवर बोलणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हतं. त्यानं माफी मागितली आणि मंगळवारपासून रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला सांगून चारलाच लावून घेतला. फाटकावर ओळखपत्र, प्रवेशपास, सुरक्षेची चित्रफीत, बुटांची तपासणी यात पहिल्या दिवशी तासभर गेला. सहाला हजर म्हणजे पाचला रांगेत. हॉटेल जवळ असूनही आम्ही जेमतेम पोचलो. त्या सहा किलोमीटरवरच्या हॉटेलात असतो तर पहिल्याच दिवशी पाळी चुकली असती.

बुधवारी पहाटे मी तयार होऊन काकांच्या दारावर टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. काळजात धस्स झालं. तिसऱ्यांदा जोरात वाजवल्यावर आतून चपला फरफटल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. डोळ्यांवर झोप, गालावर उशीचा वळ.

"किती वाजले हो ताई?"

"पाच वाजत आले काका. चारचा भोंगा ऐकला नाहीत?"

"भोंगा झाला?" ते म्हणाले, आणि पंप खिशात टाकून तोंड धुवायला वळले. रात्रभरात त्यांना तो लागला नव्हता.

शुक्रवारी चाचणी पार पडली. शंभर नगांत एकही मापाबाहेर गेला नाही. निघताना बिलावरचं वर्कशॉपचं नाव तपासलं, खोलीचे दोन्ही क्रमांक वहीत लिहून घेतले, आणि पुढच्या चाचणीच्या तारखांना त्याच दोन खोल्या आत्ताच धरून ठेवायला सांगितलं. ती चाचणी ऐन थंडीत आहे. तेव्हा वारा कुठल्या बाजूनं असतो, ते घरी जाऊन बघायचं आहे.