पुढचं विमान उतरलं, मग आपलं का नाही?

मध्यंतरी एका फ्लाइटमध्ये आम्ही धुक्यामुळे तासभर हवेतच घिरट्या घालत होतो आणि शेजारचे काका जाम वैतागले, कारण पुढचं विमान उतरल्याचं कॅप्टननेच सांगितलं होतं, मग आपलंच का अडलंय? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या विषयाचा मला भयंकर नाद असल्याने मी तिथेच सुरू झालो.

धुक्यात सगळं चालतं ते आरव्हीआरवर, म्हणजे पायलटला रनवेवरच्या खुणा किंवा दिवे किती लांबपर्यंत दिसतील तो आकडा. रनवेच्या कडेला मशिनं असतात, ती हवेतून प्रकाश किती पार जातो ते मोजतात आणि त्यात दिव्यांचा उजेडही धरला जातो, म्हणून तेच धुकं रात्री असेल तर आरव्हीआर जास्त येतो, दिवे उठून दिसतात ना.

धुक्यात उतरण्याच्या कॅटेगरी असतात, त्यांनाच थोडक्यात कॅट म्हणतात. साध्या कॅट वनला किमान ५५० मीटर आरव्हीआर लागतो आणि २०० फूट उंचीवर दिवे दिसले नाहीत तर परत वर जायचं, चर्चा नाही. कॅट टूला ३०० मीटर आणि १०० फूट. कॅट थ्रीत त्याहूनही खाली जाता येतं, तिथे ऑटोपायलटच विमान टेकवतो. आता ५५० मीटर ऐकायला भरपूर वाटतात, पण विमान सेकंदाला साधारण ७० मीटर जातं, म्हणजे हातात आठ सेकंदसुद्धा नाहीत! शिवाय पायलट वरून तिरकं बघतो, त्यामुळे त्याला आकड्यापेक्षा कमीच दिसू शकतं.

आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रनवे, विमान आणि क्रू, तिघंही त्या कॅटेगरीला पात्र लागतात, एक जरी कमी पडला तरी वरची, म्हणजे जास्त मीटरची मर्यादा लागू होते. पुढच्या विमानाचा क्रू कॅट थ्रीचा असेल, आपला नसेल, एवढंच. बहुतेक देशांत आणखी एक नियम असतो, १००० फुटांच्या वर असतानाच आरव्हीआर मर्यादेखाली गेला तर पुढे उतरायचंच नाही, पण त्याखाली आल्यावर घसरला तर ठरलेल्या उंचीपर्यंत जाऊन बघता येतं. मला हा नियम फार आवडतो, कारण उतरायची घाई झालेल्या माणसाच्या हातात तो निर्णय ठेवतच नाही.

काकांनी विचारलं, मशिनं नव्हती तेव्हा काय करायचे? तेव्हा रनवेजवळ माणूस उभा राहून कडेचे किती दिवे दिसतात ते चक्क मोजायचा. हे दिवे साधारण ६० मीटरवर एक असे असतात.

शेवटी आम्ही दुसऱ्या एअरपोर्टवर उतरलो आणि धुकं विरळ झाल्यावर परत उडालो. टेकऑफआधी विमान रनवेवर वळलं तेव्हा काका खिडकीला नाक लावून पुटपुटत होते, सात, आठ, नऊ…